सरुबाईचा हात

“तुमच्या त्या फोपनारवालीचा हात लयच उतरला, बाई,” कडू कासार म्हणाला आणि त्याने कुसुमच्या अंगठ्याच्या मुळाशी असा काही दाब दिला, की तिचा पंजा आपोआप मिटला आणि आकाशी बांगडी हाडावरून सरकून मनगटात आली.

“कोणती फोपनारवाली?” कुसुमने विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. कुसुम सरकारी दवाखान्यात नर्स होती, आणि फोपनार गावाहून तिच्याकडे येणारी एकच बाई होती.

“तीच हो, सरुबाई. दर शनवारी दवाखान्यात येते, डबा घेऊन. परवा आखाजीच्या बांगड्या भरून गेली. दिवाळीले मी तिले अडीच भरली व्हती, तेबी दाबून दाबून. आता सव्वादोन भरली तं तेबी घसरते. सव्वादोन म्हणजे दहा-बारा वर्साच्या पोरीचं माप. मी म्हटलं, काय वं, सासू जेवू नई देत का? तं हसली.” त्याने दुसरी बांगडी उचलली. “ढिला सोडा हात. तुम्ही लगेच कडक करून टाकला.”

कडूची नजर हातावरून कधी वर जात नाही. चाळीस वर्षं तो बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेतल्या फळीवर बसून बायकांचे हात दाबतो आहे. कुणाची लेक सुखात नांदते, कुणाला दिवस गेले, कुणाच्या सुनेचा जीव खंगतो आहे, हे त्याला हातच सांगतात. तोंडं त्याच्या लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कुणी ‘कडूभाऊ’ म्हणून हाक मारली, तर तो आधी तिच्या मनगटाकडे बघतो आणि मग ओळख देतो. बुधवाऱ्यातल्या बायका यावरून त्याची पुष्कळ थट्टा करतात. कुसुमही करायची. आज तिला थट्टा सुचली नाही. तिने राहिलेल्या बांगड्या भरूनच घेतल्या नाहीत. एका हातात सहा आणि दुसऱ्या हातात दोन अशीच ती उठली. कडू मागून म्हणाला, “अहो बाई, हे काय अर्धंमुर्धं?” पण ती तोवर रस्त्याला लागली होती.

घसरते. हा शब्द तिच्या डोक्यात बसला. कारण गेल्या शनिवारी तिने सरुबाईचा डबा तपासणीच्या ट्रेमध्ये ओतला, तेव्हा त्यातून सगळ्या पांढऱ्या सरक्या निघाल्या होत्या. त्याच्या आधीच्या शनिवारीही, आणि त्याच्याही आधीच्या. संक्रांतीपासून एकही लाल गुंज, म्हणजे रक्ताची खूण, निघाली नव्हती. “शाब्बास, सरुबाई,” असं ती म्हणाली होती, आणि बाकावर बसलेल्या बाकीच्यांना तिने डबा हलवून दाखवला होता, बघा, असं नियमाने राहिलं की असं होतं. सरुबाई पदर तोंडाशी धरून हसली होती. त्या पदराआडच्या हाताकडे कुसुमचं लक्ष गेलं नव्हतं. वजनाचा काटा दुरुस्तीला गेला होता, हे खरं. पण डोळ्याची खालची पापणी ओढून अंगात रक्त आहे का ते बघायला काही काटा लागत नाही. एका बोटाचं काम. ते तिने केव्हापासून सोडलं होतं? तिने आठवायचा प्रयत्न केला, आणि आठवलं तेव्हा शनवारा वेशीच्या दरवाज्यापाशी उन्हातच ती थांबली. संक्रांतीपासून. डबा पांढरा निघायला लागला तेव्हापासून.

तिच्या पिशवीत एक फॉर्म होता. गेल्या एक नोव्हेंबरला, छप्पन साली, राज्यांची मोडतोड झाली आणि जोडणीही झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर जिथल्या तिथेच राहिलं, पण त्याची राजधानी कालपर्यंत नागपूर होती ती आता भोपाळ झाली. या प्रकाराला सरकारी लोक इंटिग्रेशन म्हणत, म्हणजे एकत्र करणं. कुसुमला त्या शब्दाचं हसू यायचं, कारण तिच्या वाट्याला जे आलं ते सगळं तुटलेलंच होतं. सरकारी नोकरांना विचारलं होतं, तुम्ही कुठल्या राज्यात राहणार? दोन चौकटी होत्या, एकीत खूण करायची. आज संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. जो फॉर्म देणार नाही तो आहे तिथलाच. कुसुमने काल संध्याकाळीच मुंबई राज्यावर खूण केली होती, आणि त्या आनंदातच आज सकाळी ती बांगड्या भरायला गेली होती. आनंदातच, हे तिने स्वतःशी कबूल केलं.

नागपूरला तिचं शिक्षण झालं होतं. तिथे ज्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली तिने दोन वर्षं काढली, त्यांनी सहा खाटा फक्त एका आजारासाठी राखल्या होत्या. आतड्याला आतून जखमा होतात, त्या भरत नाहीत, भरल्या तरी परत उघडतात. माणूस दिवसातून पंधरा-वीस वेळा परसाकडे जातो, रक्त पडतं, आणि तो कुणाला सांगत नाही. मोठे डॉक्टर म्हणत, “या आजारात डॉक्टर महिन्यातून एकदा लागतो, सिस्टर रोज लागते.” त्यांनी तिला शिकवलं काय, तर विचारायला. किती वेळा, केव्हा, रक्त होतं का, पोटात कळ कुठून कुठे जाते, घरात संडास आहे की शेतात जावं लागतं, आणि शेतात जाताना सोबत कोण असतं. असे प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. कुसुम विचारायची, आणि विचारताना तिचा आवाज भाजीचा भाव विचारल्यासारखा असायचा. त्या आवाजाची तिने फार मेहनतीने सवय केली होती. बुऱ्हाणपूरला, आपल्या गावी, परत आल्यावर तिने दवाखान्याच्या व्हरांड्यात टोकाचा एक बाक मागून घेतला. डॉक्टर मधुकरराव भले माणूस, पण त्यांना बाळंतपणं आणि ताप यांतून डोकं वर काढायला फुरसत नसे. ते म्हणाले, “शनिवार तुमचा. मला फक्त कुठे सही करायची ते सांगा.” तीन वर्षांत त्या बाकावर अकरा माणसं जमली. त्यांतली सरुबाई, फोपनारच्या दगाची बायको, सगळ्यांत लहान, चोवीस वर्षांची, आणि सगळ्यांत आजारी.

डबा ही कुसुमची स्वतःची युक्ती. सरुबाईला लिहिता येत नव्हतं, वीसच्या पुढे मोजताही येत नव्हतं. कुसुमने चहाचा रिकामा पत्र्याचा डबा तिच्या हातात दिला आणि सांगितलं, परसाकडे जाऊन आलीस की एक सरकी टाक. रक्त दिसलं तर सरकी नाही, गुंज. आठवड्यात दहा गुंजा झाल्या की शनिवारची वाट बघायची नाही, तसंच उठून यायचं. कापसाच्या मुलखात सरकीला तोटा नाही, आणि गुंजेचे वेल केळीच्या कुंपणावर चढलेलेच असतात. पहिल्या शनिवारी डबा उघडला तेव्हा ट्रेमध्ये लाल रंगाची रास पडली. कुसुम काही बोलली नाही. तिने गुंजा मोजल्या, वहीत आकडा मांडला, पिवळ्या गोळ्या दिल्या, भात-ताकाचं समजावलं. एवढंच. पण काही बोलली नाही म्हणजे काही दिसलं नाही असं थोडंच असतं.

कारण लाल रंग बघितला की तिला तिची थोरली बहीण लीलाताई दिसायची. आता कुसुम राहते तीच बुधवाऱ्यातली दोन खोल्यांची जागा, लीलाताई सतरा वर्षांची, कुसुम अकराची. ताई सगळ्यांच्या आधी उठायची आणि कुसुमच्या पायाला गुदगुल्या करून तिलाही उठवायची, कारण दुसरा तांब्या धरायला कुणीतरी लागायचं. संडासाच्या मोडक्या दारापाशी कुसुम उभी. आतून ताईचा श्वास ऐकू यायचा, दात आवळून घेतलेला. मग ताई बाहेर यायची, भिंतीला हात लावत, आणि परकराची कड पिळताना पाणी लाल व्हायचं. “आईला सांगू नकोस. शपथ आहे माझी.” लग्न ठरलं होतं जळगावला. मुलाकडची माणसं मुलीच्या नाजूकपणावर खूश होती. कुसुमने शपथ पाळली. अकरा वर्षांच्या मुलीला शपथ म्हणजे फार मोठी गोष्ट वाटते. तिला वाटलं, सांगितलं तर ताई मरेल. लग्नानंतर ताई एकदा माहेरी आली, हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत चढवून. आईने विचारलं, “बरी आहेस ना गं?” ताई म्हणाली, “बरी आहे की.” आणि कोपऱ्यात बसलेल्या कुसुमकडे तिने बघितलं, एकदाच. पाच महिन्यांनी कार्ड आलं. ताई कशाने गेली हे घरात कुणाला कधी कळलं नाही. कुसुमला ते कळलं पंधरा वर्षांनी, नागपूरला, त्या सहा खाटांच्या वॉर्डात, मोठे डॉक्टर फळ्यावर आतड्याचं चित्र काढत असताना. तिने खुर्चीची पाठ धरून ठेवली होती. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं होतं, की यापुढे कुणी तिच्यापासून लपवू शकणार नाही. किती ताठ मानेने ठरवलं होतं! आणि आता एक कासार तिला सांगत होता.

दवाखान्यात पोचल्यावर तिने आधी वही काढली. व्हरांड्यातल्या बाकावर, पंख्याखाली न बसता, ती पानं उलटत गेली. सरुबाईचं पान. माघ: तीन, तीन, दोन, तीन, तीन. फाल्गुन: तीन, तीन, तीन, दोन. चैत्र: तेच. तिच्याच अक्षरात, तिच्याच शाईत, एकेक आठवड्याची रोजची सरासरी, आणि समोर ‘रक्त नाही’, ‘रक्त नाही’. खरं पोट असं शिस्तीत चालत नाही. चांगल्या माणसाचंसुद्धा चालत नाही. एखाद्या दिवशी बिघडतं, एखाद्या दिवशी रुसतं. सणाला पुरणपोळी झाली, होळीला तळण झालं, आणि या पोटाला काहीच कळलं नाही? हे आकडे सरुबाईच्या पोटातून आले नव्हते, कुणीतरी बसून ठरवून सरक्या टाकल्या होत्या. शिकाऊ नर्सनेसुद्धा हे ओळखलं असतं. कुसुमला ओळखायचं नव्हतं, म्हणून तिने ओळखलं नाही. याहून दुसरं कारण तिला सापडेना.

ओळखायचं का नव्हतं, तेही त्याच वहीत होतं. पिवळ्या गोळ्या नागपूरहून यायच्या. नोव्हेंबरनंतर नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं. मागणी भोपाळला पाठवा असा हुकूम आला, आणि भोपाळहून दोन महिन्यांनी उत्तर आलं, ‘ऐसी कोई दवा सूची में नहीं है।’ कुसुमजवळ दोन बाटल्या उरल्या होत्या आणि बाकावर अकरा माणसं होती. माघात ती डॉक्टरांकडे गेली. मधुकररावांनी विचारलं, “सरुबाईचा डबा काय म्हणतो?” ती म्हणाली, “पांढरा आहे.” “मग तिच्या कमी करा की.” आठ गोळ्यांच्या दोन झाल्या. त्या सहा गोळ्या बाकीच्यांच्या वाट्याला गेल्या आणि बाकावर सगळ्यांचं बरं चाललं. एवढंच असतं तर ती स्वतःला माफ करू शकली असती. पण फॉर्मवर एक रकाना होता, ‘विशेष कार्य’. त्यात काल संध्याकाळी तिने लिहिलं होतं, की चालू स्थितीत अकरा रुग्ण, पैकी एक, सौ. सरुबाई दगा, पूर्ण बरी. नागपूरच्या मेट्रननी पत्रात लिहिलं होतं, ‘ये, तुझी खाट तुझी वाट बघते आहे,’ म्हणजे त्या वॉर्डातली ड्यूटी. तिथे तिला कुणी नर्सबाई म्हणून पट्ट्या बांधायला पळवणार नव्हतं. ती जायला उतावीळ झाली होती आणि जाण्यासाठी तिला एक बरी झालेली बाई हवी होती.

साडेअकराची बस तिने धरली. डॉक्टरांना निरोप ठेवला, फॉर्म पिशवीतच राहिला. फोपनारच्या फाट्यावर उतरून ती चालायला लागली तेव्हा दोन्ही बाजूंना केळी होत्या, आणि रस्त्यावरचं ऊन त्यांच्या आत शिरत नव्हतं. घराच्या ओट्यावर सरुबाईची सासू मालूबाई कैऱ्या निवडत बसली होती. आखाजी, लेकींनी माहेरी यायची अक्षय्य तृतीया, परवावर आली होती. तिने कुसुमला बघितलं आणि गडबडीने पदर सावरला.

“नर्सबाई? आज इकडे कशा? बसा, पानी घ्या.”

“सरुबाई कुठे आहे?”

“केळीत बसेल हाय, सकायपासून. म्हनते तिथं थंड वाटते.” मालूबाईने तोंड थोडं खाली घातलं. “मी पुसते तिले, बाई. रोज पुसते. म्हनते, नर्सबाईनं सांगतलं मी बरी झाली. तुम्हीच सांगतलं म्हने.”

दगाच्या केळीत पाटाला पाणी सोडलेलं होतं. चिखलात कुसुमच्या चपला रुतल्या, त्या तिने हातात घेतल्या. सरुबाई एका खुंटाला पाठ टेकून, पाटाच्या अगदी कडेला बसली होती, आणि तिच्या बसण्यावरूनच कुसुमला सगळं समजलं. घरून इथपर्यंत वीस-वीस वेळा ये-जा करण्याची ताकद राहिली नव्हती, म्हणून ती सकाळी एकदा येत होती आणि दिवसभर इथेच बसून राहत होती. पाटाचं पाणी जवळ. आडोसा जवळ. हातातल्या नव्या बांगड्या घसरून पडू नयेत म्हणून तिने मनगटाशी चिंधी गुंडाळली होती.

“बाई? आज शनवार नई,” सरुबाई म्हणाली.

कुसुमने गुडघे टेकले आणि सरुबाईची खालची पापणी बोटाने ओढली. आत लाल म्हणावं असं काही नव्हतं. नाडी बघायला तिने हात हातात घेतला, आणि तिचा अंगठा आणि मधलं बोट त्या मनगटाभोवती फिरून एकमेकांवर चढले.

“किती वेळा होतंय?”

सरुबाईने कमरेची गाठ सोडायला घेतली. तिला ती सुटेना, मग कुसुमनेच सोडली. आत फडक्याची पुरचुंडी होती आणि ती गुंजांनी गच्च भरलेली होती.

“हे या आठोड्याचं. मागचं कनगीच्या मांगं ठेवेल हाय. सगळं हाय, माघापासूनचं. मोजनं सोडलं नई मी, बाई. तुम्ही म्हटलं व्हतं, मोजनं सोडायचं नई.”

“मग डब्यात का नाही टाकल्यास?” कुसुमचा आवाज चढला. भाजीचा भाव विचारणारा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. तिला त्या पोरीच्या थोबाडीत मारावीशी वाटली, इतका संताप आला. “दहा झाल्या की ये म्हणून सांगितलं होतं ना तुला? खोट्या सरक्या कशाला टाकल्यास?”

पाटातून एक पान वाहत आलं, ते सरुबाईने पायाने थांबवलं.

“लाल निघाल्या का तुमचं तोंड उतरून जाये,” ती म्हणाली. “तुम्ही बोलत नव्हत्या कदी. पन उतरून जाये. आन एकदा चुकून समद्या पांढऱ्या निघाल्या, संक्रातीले, आठोडाभर बरं व्हतं मले, तं तुम्ही किती हसल्या. मले शाब्बास म्हटलं. मले माहेर नई, बाई. माय मेली, भाऊ तापीच्या पल्याड हाय, तो आखाजीलेबी बोलवत नई. शनवारी तुमच्या बाकावर आली का कोनीतरी पुसे, जेवली का, झोपली का. तिथं येऊन रडगानं काहून गाऊ? माहेरी जाऊन लेक सांगते का कदी? माय पुसते, बरी हायेस का? लेक म्हनते, बरी हाय.”

कुसुम चिखलातच बसली. तिचा राग गेला नव्हता, पण आता तो सरुबाईवर नव्हता. नागपूरला तिला सगळं शिकवलं होतं. प्रश्न कसे विचारायचे, आवाज कसा ठेवायचा, नाकाला पदर लावायचा नाही. तोंड उतरू द्यायचं नाही हेही कुणीतरी सांगितलं असेल, तिने ऐकलं नसेल. तिला वाटत होतं, की आपण लाज काढून टाकली म्हणजे काम झालं. सरुबाईला लाज नव्हतीच. तिला माया हवी होती, आणि ती टिकावी म्हणून तिने तेच केलं जे माहेरवाशिणी करतात. लीलाताईने पाटल्या कोपरापर्यंत चढवल्या होत्या, हिने चिंधी गुंडाळली. आणि दोन्ही वेळा बघायला कुसुमच होती. फरक एवढाच, की तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

स्टेशनला केळी घेऊन जाणारा ट्रक मळ्याच्या तोंडाशी भरत होता. दगाने आणि हमालांनी मागचे घड सरकवून जागा केली, खाली पाला अंथरला. सरुबाईचं डोकं मांडीवर घेऊन कुसुम मागे बसली. ट्रक हलला की कच्च्या केळीचा चीक तिच्या पांढऱ्या साडीला लागत होता. तिला एकदा वाटलं, की आपण बोलावं, काहीतरी धीराचं. पण तिच्या धीराच्या बोलण्यानेच इथवर आणलं होतं. सरुबाईने वाटेत एकदा डोळे उघडले आणि विचारलं, “तुम्ही नागपूरले जानार म्हने?” कुसुम म्हणाली, “तू गप्प पड.”

मधुकररावांनी करायचं ते सगळं केलं. सलाईन लावलं, नागपूरला मोठ्या डॉक्टरांना तार केली. रक्त चढवायची सोय इथे नव्हती आणि इंदूरपर्यंत न्यायच्या अवस्थेत ती राहिली नव्हती. तारेचं उत्तर आलं, की गोळ्या पार्सलने निघाल्या आहेत, चार दिवस लागतील. पाचला दहा कमी असताना कारकून दारात आला. “बाई, फॉर्म. आज लास्ट डेट आहे, मग मला बोलू नका.” कुसुम तेव्हा सरुबाईचं अंग पुसत होती. तिने मान हलवली, होकाराची की नकाराची ते तिलाही सांगता आलं नसतं. कारकून थोडा वेळ थांबला आणि गेला. फॉर्म पिशवीत, पिशवी खुंटीला. सहा वाजता तिला त्याची आठवण झाली, आणि आश्चर्य म्हणजे काहीच वाटलं नाही. नागपूर, त्या सहा खाटा, मेट्रनचं पत्र, सगळं कुणा दुसऱ्या बाईचं असल्यासारखं वाटलं.

दोन दिवस ती खाटेपासून हलली नाही. डबा तिने खाटेशेजारी ठेवला आणि गुंजा स्वतःच्या हाताने टाकल्या, प्रत्येक वेळी एक, सरुबाईला दिसेल अशा. आखाजीच्या दिवशी सकाळी शहरात घागरी भरल्या गेल्या, शेजारच्या वॉर्डातल्या एका माहेरवाशिणीसाठी घरून आमरस आला, त्याचा वास व्हरांडाभर पसरला. सरुबाईने तो वास घेतला आणि डोळे मिटून ती जरा हसली. मग तिच्या पोटात कळ उठली. ती ओठ दाबून पडून राहिली, नेहमीसारखी.

“सरुबाई,” कुसुम म्हणाली. “माझ्याकडे बघ. कसं वाटतंय? मला खरं सांग.”

सरुबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. कुसुमने डोळे हलवले नाहीत, ओठ हलवले नाहीत. उभ्या आयुष्यात तिने इतकं कठीण काम केलं नव्हतं.

“दुखते, बाई,” सरुबाई म्हणाली. “लय दुखते. माघापासून दुखते. मले भेव वाटते.” आणि ती रडायला लागली, मोठ्याने, लहान पोरीसारखी, दगा आणि मालूबाई दाराशी उभी असताना. कुसुम तिचा हात धरून बसली. ती ‘बरं होईल’ म्हणाली नाही आणि ‘रडू नकोस’ही म्हणाली नाही. सरुबाई सांगत होती आणि ती ऐकत होती. केळीत बसून काढलेले दिवस, चैत्रात एकदा पाटात पडली ते, सगळं. दुपारी अडीचला सांगणं थांबलं.

कुसुमने तिला स्वतः आंघोळ घातली. चिंधी सोडली तशा बांगड्या मनगटावरून, पंजावरून, काही अडथळा न येता निघून फरशीवर पडल्या, आणि दोन फुटल्या. दगा व्हरांड्यात त्या टोकाच्या बाकावर बसला होता. कुसुम बाहेर आली तसा तो उठला.

“सवाष्न गेली, बाई,” तो म्हणाला. “हिरवी साडी, हिरव्या बांगड्या माहेरच्या लागतात. तिच्या भावाले सांगावा धाडला, पन तो आज येत नई. माय म्हनते, आपनच घेऊन टाकू.” तो थांबला. मग त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, “तुमचं काय म्हननं हाय?”

“मी आणते,” कुसुम म्हणाली.

बुधवाऱ्यात सणामुळे दुकानं अर्धी मिटलेली होती. कडू कासाराच्या फळीवर गर्दी ओसरली होती आणि तो माळा आवरत होता. कुसुमचे हात बघून त्याने ओळखलं. “या, बाई. त्या दिवशीच्या राहिल्या ना चार? बसा.”

“माझ्या नकोत. हिरव्या द्या, डझनभर. साध्या काचेच्या.”

“माप?”

“दोन.”

कडू हसला. “दोन तं चार-पाच वर्साच्या पोरीले लागते, बाई. कोनाच्या घरची पोर हाय? सव्वादोन देऊ का, वाढत्या अंगाची असेल तं…”

“सव्वादोन घसरते,” कुसुम म्हणाली. “मी बघितलंय. दोनच द्या.”

कडूचा हात माळेवर थांबला. मग चाळीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट त्याने केली. त्याने हातावरून नजर उचलली आणि समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघितलं. इथे जिच्यासाठी तोंड सांभाळावं अशी कुणी रोगी नव्हती. कुसुमने तोंड उतरू दिलं.